ताटात काय नव्हते?

दिवाळीच्या दिवसांत आमच्या व्यवसायातल्या माणसाला कुणाच्या घरी जाण्याची चोरीच असते. मी उंबरठ्यावर दिसले रे दिसले की कुणीतरी चकलीचा डबा हळूच आत सारतो, कुणी करंजीची बशी पुढे ठेवताना अपराधी स्वरात विचारतो, "आज एक दिवस चालेल ना हो?" चालेल काय, धावेल! मी स्वतः दोन करंज्या खाते आणि तिसरी नको म्हणते, एवढाच काय तो माझ्या शास्त्राचा सणावारी प्रभाव. परंतु लोकांची समजूत अशी पक्की झाली आहे की, आहारतज्ज्ञ म्हणजे ताटातून काहीतरी काढून घेणारी बाई. साखर काढा, तूप काढा, मीठ काढा! आजच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काळात हे काम आम्हांला करावे लागते, नाही असे नाही. पण हे आमच्या शास्त्राचे उत्तरकांड झाले. त्याचा जन्म झाला तो नेमक्या उलट्या प्रश्नातून. आजारी पडलेल्या माणसाच्या ताटात काय होते हे सारेच विचारीत होते. ताटात काय नव्हते, असे विचारणारी माणसे थोडी निघाली, आणि त्यांना वेड्यात काढणारी पुष्कळ. त्या थोड्यांची हकीकत मला आज सांगावयाची आहे. तिच्यातला एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडला असून, मुंबईकरांनाच तो फारसा ठाऊक नाही.

मी या वाटेला लागले १९८० च्या सुमारास. मुंबईत गृहविज्ञान शिकावयास जाते म्हटल्यावर आमच्या आत्याबाई म्हणाल्या होत्या, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला ग? माझ्याकडे ये चार महिने." पहिल्याच वर्षी आहारशास्त्राच्या बाई वर्गात दोन वाट्या घेऊन आल्या. एकीत पांढरेशुभ्र तांदूळ, दुसरीत गिरणीतला कोंडा. त्यांनी विचारले, "यांतली कोणती वाटी टाकून द्याल?" आम्ही एकमुखाने कोंड्याकडे बोट दाखवले. बाई हसल्या आणि त्यांनी जावा बेटावरच्या कोंबड्यांची गोष्ट सांगावयास आरंभ केला. त्या तासानंतर मला कुणी डॉक्टर हो म्हटले असते तरी मी झाले नसते.

कोंबड्यांच्याही आधी थोडे जपानला जावे लागेल. गेल्याच्या मागल्या शतकात जपानी आरमाराला बेरीबेरी नावाच्या रोगाने ग्रासले होते. पायांतली शक्ती जाते, अंगावर सूज चढते, आणि शेवटी हृदय थांबते. १८८२ साली निघालेल्या 'र्‍यूजो' या जहाजावरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांना हा रोग जडला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो नावाचा आरमारी डॉक्टर लंडनला शिकून आलेला होता. इंग्रज खलाशांना हा रोग होत नाही आणि आपल्या खलाशांना होतो, त्यांच्यात आणि आपल्यात फरक कोणता, तर जेवणाचा, असा सरळ विचार त्याने केला. १८८४ साली 'त्सुकुबा' हे जहाज त्याच मार्गाने पाठविण्यात आले, पण भाताचे प्रमाण कमी करून आणि मांस, दूध, पाव यांची भर घालून. एकही माणूस मेला नाही. पुढे आरमाराच्या भातात सातू मिसळू लागले आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. ताकाकीची उपपत्ती चुकीची होती, त्याला वाटले की उणीव प्रथिनांची आहे. उपाय मात्र बरोबर होता. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळ वेळा घडते आणि त्याबद्दल नाक मुरडू नये असे माझे मत आहे.

जपानी पायदळाने मात्र हे ऐकले नाही. तेथील वरिष्ठ डॉक्टर जर्मनीत शिकलेले; रोग म्हटला की जंतू हवाच, अशी त्यांची श्रद्धा. साहित्यप्रेमी वाचकांना हे वाचून मौज वाटेल, की या विरोधकांत मोरी ओगाई हा जपानचा थोर कादंबरीकारही होता, कारण तो पेशाने लष्करी डॉक्टर. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात पायदळातल्या दोन लाखांहून अधिक शिपायांना बेरीबेरी झाला. थोर लेखणी हाती असली म्हणजे ताटातले दिसतेच असे नाही.

आता कोंबड्या. डच सरकारने जावा बेटावरील बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्ताला, बेरीबेरीचा जंतू शोधावयास मंडळी धाडली. त्यांत ख्रिस्तिआन आइकमान हा तरुण डॉक्टर होता. प्रयोगशाळेच्या अंगणात कोंबड्या पाळलेल्या होत्या. १८८९ च्या सुमारास त्यांना एकाएकी लुळेपणा आला. पाय वाकडे पडू लागले, माना टाकू लागल्या. अगदी बेरीबेरीच! आइकमानने जंतू शोधण्याची खटपट चालविली, तोच कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले की, मधले काही महिने कोंबड्या सांभाळणारा माणूस लष्करी दवाखान्याच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात त्यांना घालीत असे. पुढे तेथे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना का म्हणून घालावा, असे म्हणून त्याने भात बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या आणि धडधाकट झाल्या. या आचाऱ्याचे नाव इतिहासात राहिले नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते. कद्रूपणातून एवढे मोठे लोककल्याण क्वचितच झाले असेल.

आइकमाननेही आधी तर्क केला तो विषाचाच. पांढऱ्या तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा आहे, असे त्याला वाटले. विष नाहीच, कोंड्यात जे आहे ते नसणे हाच रोग, हे १९०१ साली त्याचा सहकारी खेरित ग्राइन्स याने मांडले. यातली अडचण बुद्धीची नव्हे, सवयीची होती. रोग हा बाहेरून येतो, शरीरात शिरतो, ही कल्पना माणसाच्या हाडीमाशी खिळलेली. पाश्चरने आणि कॉखने जंतू दाखवून ती आणखी घट्ट केली. काहीतरी नाही, म्हणून रोग होतो, हे पटावयाचे तर शून्याला मारक मानावे लागते. दीड शतक आधी संत्र्यालिंबांनी खलाशांचा स्कर्व्ही बरा होतो हे जेम्स लिंडने १७४७ साली बारा रोग्यांवर प्रयोग करून दाखवले होते, तरी इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र लागू करावयास १७९५ साल उजाडले.

१९१२ साली कॅझिमिर फुंक याने या अज्ञात पदार्थांना 'व्हायटामिन' असे नाव दिले. प्राणदायी 'अमाइन', अशी त्याची फोड. पुढे कळले की हे सारे पदार्थ अमाइन जातीचे नाहीतच. आपल्याकडे 'जीवनसत्त्व' हा शब्द रूढ झाला, त्यात रसायनाची ही चूक शिरलीच नाही. भाषांतरकार कधीकधी मूळ लेखकाहून शहाणा ठरतो तो असा.

येथे आमच्या कोकणातले वाचक म्हणतील, की हे तर आमच्या आजीला ठाऊक होते. आम्ही उकडे तांदूळ खात होतो. खरे आहे. भात साळीसकट उकडून मग सडला, म्हणजे कोंड्यातले थायमिन पाण्याबरोबर दाण्यात उतरते आणि नंतर गिरणीतही सारेच्या सारे निघून जात नाही. मलायात मजुरीला गेलेल्या चिनी लोकांना बेरीबेरी होत असे, तर त्यांच्याच शेजारी राबणारे, उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर वाचत. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवीत, त्यामागेही असाच अनुभव होता. पण आजीला सारे ठाऊक होते, हे वाक्य मी सहसा पुरते करू देत नाही. आजीला तांदूळ उकडणे ठाऊक होते. त्याच घरात गरोदर सुनेने पोटभर जेवू नये, मूल मोठे होऊन अडेल, अशीही समजूत असे. आणि सगळ्यांची पाने उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते तिचे, हा तर नियमच.

मक्याचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या एका माणसाकडे वळते. अमेरिकेतून मका युरोपात आला, परंतु चुन्याची युक्ती मागेच राहिली. परिणामी स्पेन-इटलीतल्या गरिबांना एक नवा रोग जडला. उन्हाने पोळल्यासारखी कातडी, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. इटालियन लोकांनी त्याला 'पेलाग्रा' म्हटले, म्हणजे खरखरीत कातडी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात त्याने हाहाकार उडवला. तेथेही जंतूंचा शोध सुरू झाला. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरास तिकडे धाडले. हा हंगेरीकडून आलेल्या एका गरीब ज्यू निर्वासिताचा मुलगा, साथीच्या रोगांत मुरलेला.

वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत फिरताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. रोगी शेकड्यांनी, पण परिचारिका आणि नोकर यांच्यापैकी कुणालाच पेलाग्रा नाही. जंतू पगारपत्रक पाहून चावतो की काय? एका अनाथाश्रमात अगदी लहान मुलांना रोग नव्हता, मोठ्यांना नव्हता. मधल्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांना होता. तान्ह्यांना दूध मिळे, मोठी मुले काम करीत म्हणून त्यांना मांस मिळे, मधल्यांना मक्याची लापशी आणि काकवी. गोल्डबर्गरने त्यांना दूध, अंडी, मांस, शेंगा चालू केल्या आणि रोग गेला. मग १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगात शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना त्याने नुसत्या मक्याच्या आणि तांदळाच्या जेवणावर ठेवले. अखेरपर्यंत राहिलेल्या ११ जणांपैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नये.

तरीही विरोधक म्हणत, जंतू आहेच. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गरने जे केले ते सणाच्या दिवशी सांगावे की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडतो. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या कातडीचे पोपडे आणि मलमूत्र कणकेत मळून गोळ्या गिळल्या. त्याची पत्नी मेरी हिनेही रक्त टोचून घेतले. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. नवऱ्याच्या शास्त्रासाठी विषाची परीक्षा घेणाऱ्या या बाईला मी मनोमन नमस्कार करते.

यापुढचे काम मला त्याहूनही मोठे वाटते. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन तो दक्षिण कॅरोलायनातल्या कापडगिरण्यांच्या वस्त्यांतून घरोघर हिंडला. कुणाच्या घरी काय शिजते आणि कुणाची मिळकत किती, हे दोन्ही लिहून काढले. जसजशी मिळकत खाली, तसतसा पेलाग्रा वर. जमिनीत दारापर्यंत कापूसच पेरलेला, भाजीपाल्याला जागा नाही, गाय पाळावयाला कुरण नाही. आपल्या प्रांताची अशी नालस्ती करतो म्हणून तिथल्या पुढाऱ्यांना त्याचा राग आला. १९२९ साली तो वारला. पेलाग्रा रोखणारा पदार्थ म्हणजे निकोटिनिक आम्ल, हे १९३७ साली सिद्ध झाले. आपल्या दख्खनमध्येही हा रोग होता. मक्यावर नव्हे तर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तो कसा होतो, याविषयी हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली लिहिले. भाकरी वाईट नव्हे. भाकरीबरोबर काहीही नसणे वाईट.

कापडगिरण्या म्हटल्या की आपल्याला लालबाग-परळ आठवते. तिकडेच जावयाचे आहे, पण वाटेत निलगिरीत कुन्नूरला थोडे थांबू. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टराने १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक खोली घेतली, तीच वाढून पुढे आहारसंशोधनाची मोठी प्रयोगशाळा झाली. (१९५८ साली ती हैदराबादला गेली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.) मॅकॅरिसनने उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचे जेवण वाढले. शिखांचे, पठाणांचे, मराठ्यांचे, गुरख्यांचे, कानड्यांचे, बंगाल्यांचे आणि मद्राशांचे. उंदरांची वाढ पाहिली तेव्हा शीख उंदीर पहिला आला, पठाण दुसरा, आणि मराठा उंदीर तिसरा! शीख उंदराच्या ताटात कोंड्यासकट गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, हिरवी भाजी. मद्राशी उंदराच्या ताटात सडलेला तांदूळ आणि दूध जवळजवळ नाहीच. तिसऱ्या नंबराचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. परंतु या उंदरांना त्या त्या प्रांताचे जेवण रीतसर, वेळच्या वेळी वाढले जात होते. त्या प्रांतातल्या एखाद्या गिरणीकामगाराच्या बायकोच्या ताटात ते कितपत पोचत होते, हे उंदराला विचारता येत नाही.

ते विचारावयास १९२८ साली एक बाई मुंबईत उतरली. तिचे नाव लुसी विल्स. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेली, नंतर लंडनला वैद्यकाची पदवी घेतलेली. मुंबईत गरोदर स्त्रिया एका विचित्र पांडुरोगाने मरत होत्या. चेहरा मेणासारखा पांढरा, अंगावर सूज, चार पावले टाकता दम लागणे, आणि बाळंतपणाच्या आगेमागे मृत्यू. मातामृत्यूंच्या चौकशीत डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्याबरोबर या रोगाचा शोध घेण्याचे काम विल्सबाईंकडे आले. ठिकाण, परळची हाफकिन संस्था. गव्हर्नरसाहेबांचा जुना वाडा, जेथे प्लेगची लस तयार होई.

दुर्बिणीखाली या बायकांचे रक्त निराळे दिसे. नेहमीच्या पांडुरोगात, लोह कमी पडले म्हणजे, रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. येथे पेशी थोड्या, परंतु आकाराने अवाढव्य, अपक्व. तेव्हा ठाऊक असलेल्या एका दुर्धर पांडुरोगाशी याचे साम्य होते, आणि तो यकृत खाल्ल्याने बरा होतो हे अमेरिकेत १९२६ साली नुकतेच दिसले होते.

विल्सबाईंनीही आरंभी जंतूंचा शोध घेतला, तो काही लागला नाही. मग मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायका काय खातात याचा हिशोब त्यांनी मांडला. गरीब मुसलमान बायकांत हा रोग सर्वांत अधिक, आणि ताटही त्यांचेच सर्वांत रिकामे. भाजी, फळे, दूध, मांस यांचे दर्शन क्वचित. रोग जातिधर्म पाहत नव्हता, ताट पाहत होता. त्या जेवणावर उंदीर ठेवले, उंदरांना पांडुरोग झाला. यीस्ट घातले, रोग टळला. एवढ्यात एक विघ्न आले. उंदरांच्या अंगावरच्या उवांतून एक भलताच संसर्ग शिरला होता आणि तोही रक्त उतरवीत होता, त्यामुळे निष्कर्ष डागाळले. बाईंनी उंदीर सोडून माकडे घेतली. सांगतात ते असे की, एक माकड अगदी मरणपंथाला लागले तेव्हा दुसरे काही सुचेना म्हणून त्याला मार्माइट चाटवले, आणि ते उठून बसले.

मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत तळाशी उरणाऱ्या यीस्टचा अर्क. इंग्लंडात १९०२ पासून डबीत भरून विकतात, पावाला लावून खातात. दिसावयास आपल्या काकवीसारखा, चवीला मात्र खारट. विल्सबाईंनी तो रोगी बायकांना दिला. काही दिवसांतच भूक परत आली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, मरणाऱ्या बायका उठून घरी गेल्या. १९३१ साली त्यांचा निबंध ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी आणखी एक बारकावा टिपला. शुद्ध केलेला यकृताचा अर्क, जो त्या दुर्धर पांडुरोगावर गुणकारी, तो मुंबईच्या या बायकांना लागू पडत नव्हता. ओबडधोबड अर्क मात्र पडत होता. म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या अर्कात आणखी काहीतरी वेगळे होते, जे शुद्धीकरणात फेकले जात होते. पुन्हा तीच कोंड्याची कथा! कोंड्याचा मांडा करून खाणे ही आपल्याकडे गरिबीची म्हण. येथे साऱ्या जगाचे वैद्यक कोंड्याचा मांडा करावयास बसले होते.

त्या अज्ञात पदार्थाला पुष्कळ दिवस 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरून, लॅटिन 'फोलियम'वरून, त्याला 'फॉलिक आम्ल' हे नाव पडले. प्रयोगशाळेत तो तयार करण्याचे काम १९४५ च्या सुमारास ज्या गटाने केले, त्याचे धुरीण होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या तरुणपणी त्यांचे भाऊ संग्रहणीसारख्या रोगाने गेले होते, आणि त्या रोगावरही हेच औषध उपयोगी पडले. मुंबईच्या बायकांच्या ताटातली उणीव भरून काढणारा पदार्थ एका आंध्र ब्राह्मणाने अमेरिकेत घडवावा, हा योग कादंबरीत घातला तर संपादक परत पाठवतील.

लुसी विल्स पुढे लंडनला रॉयल फ्री हॉस्पिटलात काम करीत राहिल्या आणि १९६४ साली वारल्या. आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले, यकृतवाल्यांना मिळाले. विल्सबाईंना नाही.

विल्सबाईंच्या शोधाचा माझ्या कामाशी संबंध रोजचा आहे. पस्तीस वर्षे मी मुंबईतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काढली. रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात कोठीच्या किल्ल्या देण्यात आल्या, कारण आहारतज्ज्ञ म्हणजे शिकलेली स्वयंपाकीण अशी तेथे समजूत होती. किल्ल्या मी ठेवून घेतल्या. रोगी बरा करण्याचे काम डॉक्टरांचे. पण तो रोगी पुन्हा त्याच खाटेवर येऊ नये, किंबहुना पहिल्यांदाच येऊ नये, हे काम स्वयंपाकघरातूनच होते, हे मला कोंबड्यांनी शिकवले होते. हल्ली मुली विचारतात, बाई, आहारतज्ज्ञ होण्याला काय लागते? पदवी लागते, मग आहारशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम, रुग्णालयातली उमेदवारी. २०२१ साली कायद्यानेही या पेशाची दखल घेतली आहे. आणि लोकांच्या घरात जाऊन, न लाजता आणि त्यांना न लाजवता, पातेल्याचे झाकण उचलून बघता यावे लागते. पुस्तकातला तक्ता बाई काय खाते हे सांगत नाही.

गरोदर बाईला "काय खाता?" असे विचारले की ती घरात काय शिजते ते सांगते. भात, आमटी, भाजी, कधी मासळी. उत्तम! मग मी विचारते, "तुम्ही कितव्या जेवता?" यावर बहुतेक जणी हसतात. "भाजी उरते का तोवर?" हसू मावळते. आमटीचे पाणी उरते, डाळ उरत नाही. शेजारी सासू बसलेली असते, ती म्हणते, "आम्ही नाही का जेवलो असेच?" तिच्या डोळ्यांची खालची पापणी मी ओढून पाहते, तीही पांढरीफटक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. यातला मोठा वाटा लोहाच्या उणिवेचा. पण सरकारी दवाखान्यात गरोदरपणी जी गोळी मिळते तिच्यात लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते. ही गोळीची योजना आपल्या देशात १९७० पासून आहे. गोळीने मळमळते म्हणून कितीतरी जणी ती घरातल्या गणपतीमागे ठेवून देतात. अशा वेळी दटावून काही होत नाही. रात्री जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, एवढे सांगितले की निम्म्या गोळ्या पोटात जातात. पालेभाजी चिरल्यावर धुऊ नका, आधी धुवा. उकडलेले पाणी ओतून देऊ नका, त्याच्याबरोबर विल्सबाईंचा घटकही मोरीत जातो. मेथी, चवळी, पालक, मोड आलेली मटकी, शेंगदाणे यांत तो भरपूर असतो, आणि यांपैकी कोणतीच वस्तू परदेशातून आणावी लागत नाही.

विल्सबाईंच्या पश्चात या घटकाचा आणखी एक गुण उजेडात आला. काही मुलांचा पाठीचा कणा किंवा मेंदूवरचे आवरण गर्भातच नीट मिटत नाही. अशी मुले जन्मतः अपंग होतात किंवा जगत नाहीत. असे मूल एकदा झालेल्या स्त्रियांना पुढच्या खेपेस गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिले, तर हे व्यंग शंभरातल्या सुमारे ७२ वेळा टळते, असे १९९१ साली सात देशांतल्या एका मोठ्या पाहणीने दाखवले. अमेरिकेने १९९८ पासून पिठातच ते मिसळण्याची सक्ती केली. यातली गोम अशी की, तो कणा मिटतो गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. डोहाळजेवणाला केलेले सारे लाड या कामापुरते उशिराचे.

म्हणून दिवाळीच्या दिवसांत माझ्याकडे कुणी नवी लग्न झालेली मुलगी आई-वडिलांबरोबर आली, की मी तिला ही गोळी लिहून देण्याविषयी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या हजाराव्या भागाचाही निम्म्याहून कमी. दिवाळसणाला जावयाची अंगठी तोलूनमापून घेतलेली असते, त्यापुढे हे काहीच नव्हे. मुलीची आई गडबडून म्हणते, "अहो, आत्ताच कशाला? अजून तसे काही नाही." मी म्हणते, "तसे काही नाही तोवरच सुरू करायचे." मग मी त्या मुलीला, सासरी तू कितवी जेवतेस, असे विचारते, आणि ती आईकडे पाहते.